लॅपटॉपचा प्रोसेसर आणि सर्व्हरचा प्रोसेसर, घरच्या घरी नीट तुलना कशी करायची

मागच्या उन्हाळ्यात सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलवाल्या दादांचा फोन आला. म्हणाले, अरे एक जुना सर्व्हर मिळायलाय, दोन झिऑन, म्हणजे इंटेलचे सर्व्हरवाले प्रोसेसर, आहेत आत, २८ कोअर, ५६ थ्रेड, आणि माझ्या लॅपटॉपात तर ८च कोअर, मग घेऊन टाकू का, साडेतीनपट पळेल ना. मी म्हटलं दादा थांबा, पैसे देऊ नका अजून, आधी मोजू. त्या मोजण्यात आमचे दोन रविवार गेले, पण त्यातून जे हाती लागलं ते इथं सगळं लिहून ठेवतोय, कारण हाच प्रश्न मला वर्षातून चार-पाच जण तरी विचारतात, कुणी कॉलेजचा पोरगा असतो, कुणी सीए असतो, कुणी पुण्याच्या कंपनीचं काम इथं घरी बसून करणारा.

सुरुवात मशीनपासून करू नका, कामापासून करा. एक कागद घ्या आणि दिवसभरात कॉम्प्युटरसमोर नुसतं बसून वाट बघायला लावणारी कामं कुठली ते लिहा. दादांच्या कागदावर दोनच आली. एक, जॅकार्डचं, म्हणजे विणीतल्या नक्षीचं, डिझाइन स्क्रीनवर उघडणं-फिरवणं-रंग बदलणं, आणि दोन, बाहेरच्या पार्टीला पाठवायला टॉवेलची थ्रीडी चित्रं ब्लेंडर नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये रेंडर करणं, म्हणजे अंतिम चित्र तयार करून घेणं, ती पण एकावेळी तीस-चाळीस. ही दोन कामं प्रोसेसरच्या दृष्टीनं एकदम वेगळी आहेत. पहिल्यात तुम्ही माऊस हलवला की एकच कोअर जोरात पळतो आणि बाकीचे बघत बसतात, दुसऱ्यात जितके कोअर द्याल तितके खाऊन टाकतो. एक्सेलचा मॅक्रो, साधा पायथनचा प्रोग्रॅम, ब्राउझरमधलं एखादं पान, ही सगळी पहिल्या जातीतली, म्हणजे बहुतेक भार एकाच थ्रेडवर. व्हिडिओ एन्कोड करणं, मोठा सोर्स कोड कंपाइल करणं, एकाच वेळी पन्नास जण वापरणारा डेटाबेस, ही दुसऱ्या जातीतली. कागदावर प्रत्येक कामापुढं "एक" की "अनेक" एवढं लिहा. कळत नसेल तर काम चालू असताना टास्क मॅनेजर उघडा, सीपीयूच्या आलेखावर राइट क्लिक करून सगळे लॉजिकल प्रोसेसर वेगवेगळे दाखव म्हणा, आणि एकाच चौकोनात उंच डोंगर दिसतो का सगळ्यांत ते बघा. एवढं केलं की निम्मं उत्तर मिळालंच.

थ्रेड आणि कोअर यातला फरक मी दादांना कापडाच्या मागावरून सांगितला आणि तो त्यांना लगेच पटला. कोअर म्हणजे कामगार, थ्रेड म्हणजे त्याच्याकडं दिलेले माग. एका कामगाराला दोन माग दिले की एकावर धागा तुटून काम थांबलं तर तो तोवर दुसऱ्याकडं बघतो, रिकामा बसत नाही, म्हणून माल जास्त निघतो, पण दुप्पट कधीच निघत नाही. काही कामांत पाव हिस्सा जास्त मिळतो, काहींत जवळपास काहीच नाही. म्हणून ५६ थ्रेड हा आकडा बाजूला ठेवा, मोजताना २८ कोअर धरा.

आता नाव वाचायला शिका, कारण दुकानदार "आय फाइव्ह आहे", "रायझन आहे", "झिऑन आहे" एवढंच सांगतो आणि त्यातून काहीही कळत नाही. इंटेलच्या लॅपटॉप चिपच्या शेवटी यू असेल तर ती कमी विजेची, एच असेल तर जास्त विजेची. कोअर आय५-१२३५यू घ्या, १० कोअर लिहिलंय पण त्यातले २च मोठे आहेत आणि ८ छोटे, थ्रेड १२. त्यामुळं हे १० कोअर आणि दुसऱ्या कुठल्या चिपचे १० कोअर एका तराजूत घालू नका. एएमडीच्या ७००० सिरीजच्या लॅपटॉप चिपमध्ये तर तिसरा आकडा बघायचा, तो पिढी सांगतो: रायझन ५ ७५२०यू मध्ये झेन २, रायझन ७ ७७३०यू मध्ये झेन ३, रायझन ७ ७८४०यू मध्ये झेन ४. तिन्हींची सुरुवात ७नेच, आणि आत काही वर्षांचा फरक. हे ग्राहकाला स्पष्ट सांगायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं, पण तोवर आपणच बघून घ्यायचं.

सर्व्हरच्या बाजूला जुन्या झिऑन ई५ मध्ये शेवटचं व्ही२, व्ही३, व्ही४ महत्त्वाचं. ई५-२६७० नुसता, व्ही काहीच नाही, म्हणजे २०१२ची सँडी ब्रिज पिढी. ई५-२६८० व्ही४ म्हणजे २०१६ची ब्रॉडवेल, १४ कोअर, टर्बोला, म्हणजे जोर लावल्यावरचा जास्तीत जास्त वेग, ३.३ गिगाहर्ट्झ, १२० वॅट. दादांना मिळत होता तो हाच, दोन नग. व्ही३च्या आधीचा घेऊच नका, कारण एव्हीएक्स२ नावाचा सूचनासंच व्ही३पासून आला आणि आजची काही सॉफ्टवेअर तो नसेल तर चालूच होत नाहीत. एपिक या एएमडीच्या सर्व्हर चिपमध्ये शेवटचा आकडा पिढी सांगतो, ७७४२ दुसरी, ७७६३ तिसरी, ९६५४ चौथी.

इथं थोडं थांबून एक हिशोब करा, कारण याच्यात सगळी गोम आहे. लॅपटॉपचा रायझन ७ ५८००एच आणि सर्व्हरचा एपिक ७७६३, दोन्ही २०२१चे, दोन्हींत कोअर एकाच पिढीचा, झेन ३. मग फरक काय? ५८००एच मध्ये ८ कोअर, ४५ वॅट, म्हणजे कोअरमागं ५.६ वॅट. ७७६३ मध्ये ६४ कोअर, २८० वॅट, म्हणजे कोअरमागं ४.४ वॅटच्या आसपास, त्यातले पण काही मेमरी आणि बाकीच्या जोडण्यांना जातात. म्हणजे सगळे कोअर कामाला लागले की सर्व्हरच्या एका कोअरला लॅपटॉपच्या कोअरपेक्षा कमी वीज मिळते. टर्बो पण बघा, लॅपटॉपचा ४.४ गिगाहर्ट्झ, सर्व्हरचा ३.५. तेव्हा लाखो रुपयांच्या सर्व्हरवर तुमचा एक्सेल मॅक्रो घरच्या लॅपटॉपपेक्षा हळू पळाला तर त्यात नवल नाही, तो त्या कामासाठी बनलेलाच नाही. त्याची ताकद वेगळीकडं आहे, २५६ एमबी एल३ कॅश (चिपमधलीच जलद मेमरी) विरुद्ध लॅपटॉपची १६ एमबी, आठ मेमरी चॅनेल (हे पुढं सांगतो) विरुद्ध दोन, कार्ड आणि डिस्क जोडायला १२८ पीसीआय लेन, चुका स्वतः दुरुस्त करणारी ईसीसी मेमरी, आणि महिनोन्महिने बंद न करता तोच वेग.

तर आता मोजणी. आधी दोन्ही मशीन एका रेषेत आणा, नाहीतर आकडे काढून काही उपयोग नाही. लॅपटॉप चार्जरला लावलेला पाहिजे आणि चार्जर मूळचाच पाहिजे, कमी वॅटचा चार्जर लावला की काही लॅपटॉप गुपचूप वेग कमी करतात. विंडोजमध्ये पॉवर मोड "बेस्ट परफॉर्मन्स"वर. अँटिव्हायरसचं स्कॅन, अपडेट, क्लाउड सिंक बंद. दोन्हीकडं एकच ऑपरेटिंग सिस्टिम असेल तर उत्तम, नसेल तर लिनक्सचा एक लाइव्ह (इन्स्टॉल न करता चालणारा) पेनड्राइव्ह बनवा आणि दोन्ही मशीन त्याच्यावरूनच चालू करा. चाचणीचं सॉफ्टवेअर दोन्हीकडं एकाच व्हर्जनचं. आणि हो, लॅपटॉपचा पंखा आधी साफ करून घ्या. दादांच्या लॅपटॉपच्या हीटसिंकमध्ये सुताचं तूस इतकं बसलेलं की जाळी दिसतच नव्हती, कारखान्यात ठेवलेल्या मशीनचं असंच होतं, साफ न करता मोजलं असतं तर आम्ही प्रोसेसर नाही तूस मोजलं असतं.

पहिली चाचणी सेव्हन-झिपनी करा, फाइली दाबून छोट्या करायचं सॉफ्टवेअर आहे ते, फुकट आहे, छोटं आहे, विंडोजला टूल्स मेनूमध्ये बेंचमार्क म्हणून दिलेलंच आहे. थ्रेडची संख्या आपण निवडू शकतो हा त्याचा मोठा फायदा. आधी थ्रेड १ ठेवा, आकडा स्थिर झाला की लिहा. मग २, ४, ८, १६, असं वाढवत जा आणि प्रत्येक वेळी लिहा. वहीत दोन रकाने करा, एक लॅपटॉपचा, एक सर्व्हरचा. डिक्शनरी साइझ दोन्हीकडं तीच ठेवायची, ती बदलली की तुलना गेली. एका थ्रेडला लॅपटॉप सरळ पुढं दिसेल, ५८००एच आणि २६८० व्ही४ यांच्यात तर दीडपट किंवा त्याहून जास्त. मग थ्रेड वाढवत गेलात की एका ठिकाणी सर्व्हरची रेघ लॅपटॉपच्या रेघेला छेदून वर जाते. ती जागा कुठं आहे ते शोधायचं, कारण तुमचं काम त्या जागेच्या अलीकडं असेल तर सर्व्हर घेऊन काहीच फायदा नाही.

सेव्हन-झिप मेमरी आणि कॅशवर बराच अवलंबून असतो, दशांश-अपूर्णांकाचं गणित तो फारसं करत नाही, म्हणून दुसरी चाचणी सिनेबेंच किंवा ब्लेंडर बेंचमार्कची करा, दोन्ही चित्र रेंडर करून वेग मोजतात, रेंडर करणाऱ्यांनी तर नक्कीच. गीकबेंच ६ या दुसऱ्या चाचणीचा मल्टीकोअर आकडा सर्व्हरसाठी मात्र वापरू नका. २०२३मध्ये आलेल्या या आवृत्तीत सगळे कोअर मिळून एकच काम वाटून घेतात, साध्या वापरणाऱ्यासाठी ते खरं चित्र आहे, पण ६४ कोअरचा सर्व्हर त्यात उगाच दुबळा दिसतो. सर्व्हर विकत घेणाऱ्या कंपन्या स्पेक सीपीयू २०१७ या चाचणीसंचाचे आकडे बघतात, त्यात रेट म्हणजे एकाच वेळी अनेक प्रती चालवून एकूण किती काम निघालं, आणि स्पीड म्हणजे एक काम किती लवकर संपलं. नेटवर कुठला तरी स्पेकचा आकडा दिसला तर तो रेट आहे का स्पीड हे आधी बघा, दोघांची तुलना करायची नसते.

आता वेळ. बहुतेक लोक इथंच फसतात. लॅपटॉपची चिप पहिली काही सेकंद मर्यादेपलीकडं वीज खाते, त्या आय५-१२३५यूची मूळ मर्यादा १५ वॅट आणि टर्बोची ५५ वॅट, बघा किती फरक. दोन मिनिटांची चाचणी केली तर तुम्ही तो पहिला जोर मोजता. म्हणून सिनेबेंच किमान ३० मिनिटं सलग फिरवा, आणि बाजूला एचडब्ल्यूइन्फो हे चिपची आतली मापं दाखवणारं सॉफ्टवेअर उघडून तीन गोष्टी लिहा: तापमान, वॅट, आणि इफेक्टिव्ह क्लॉक, म्हणजे खरोखर मिळालेला वेग. पाचव्या मिनिटाला काय, पंधराव्याला काय, तिसाव्याला काय. आणि सोलापुरात राहणाऱ्यांनी हे दोनदा करा, एकदा पहाटे सहाला आणि एकदा दुपारी तीनला. मे महिन्यात इथं पारा ४३च्या वर जातो, पत्र्याच्या शेडमध्ये तर विचारू नका, आणि लॅपटॉपचा पंखा शेवटी खोलीतलीच हवा आत ओढणार ना, ती हवाच गरम असेल तर चिप १०० अंशाच्या जवळ जाऊन स्वतःला आवरते. दादांच्या ऑफिसात सकाळचे आणि दुपारचे आकडे एवढे वेगळे आले की दादा म्हणाले हे दोन वेगळे लॅपटॉप आहेत का. नेटवरचे रिव्ह्यू एसी लावलेल्या खोलीत केलेले असतात, ते आपल्या उपयोगाचे तेवढेच. सर्व्हरवर पण हीच चाचणी करा, तिथं मोठे हीटसिंक आणि जोराचे पंखे असल्यामुळं तिसाव्या मिनिटाचा आकडा जवळपास पहिल्या मिनिटाएवढाच येतो. आवाज मात्र भयंकर, बोलणं ऐकू येत नाही.

मेमरीवर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण जुना सर्व्हर विकणारे इथंच गडबड करतात. माग कितीही चांगले असू देत, सुताच्या कांड्या वेळेवर आल्या नाहीत तर कामगार उभा राहतो. कोअरला डेटा पुरवणारे मेमरी चॅनेल म्हणजे त्या कांड्या पोचवणारी माणसं. डीडीआर४-३२०० या जातीच्या रॅमचा एक चॅनेल सेकंदाला २५.६ जीबी देतो. लॅपटॉपला दोन चॅनेल, म्हणजे ५१.२, आठ कोअरमध्ये वाटले तर प्रत्येकाला ६.४. पण लॅपटॉपमध्ये रॅमची एकच पट्टी असेल, आणि स्वस्तातल्या लॅपटॉपमध्ये ती एकच असते, तर हे सरळ निम्मं, ३.२. त्या मोठ्या एपिक ७७६३ला आठ चॅनेल, २०४.८, पण ६४ कोअर, म्हणजे परत ३.२च. आता दादांचा झिऑन: डीडीआर४-२४००, चॅनेलला १९.२, प्रत्येक प्रोसेसरला चार चॅनेल, म्हणजे ७६.८, १४ कोअरमध्ये साधारण साडेपाच. छान. पण विकणाऱ्यानं आत दोनच पट्ट्या घातलेल्या, प्रत्येक प्रोसेसरला एक! म्हणजे १९.२ मध्ये १४ कोअर, कोअरला दीड पण नाही. "६४ जीबी रॅम आहे" हे तो खरंच सांगत होता, पण ३२च्या दोन पट्ट्या आणि ८च्या आठ पट्ट्या यात वेगाचा एवढा फरक पडतो. तेव्हा दोन सॉकेटचा, म्हणजे दोन प्रोसेसर बसणारा, ई५ घेताना झाकण उघडून पट्ट्या मोजा, आठ पाहिजेत, चार एकीकडं चार दुसरीकडं. आणि पट्ट्या सर्व्हरच्या रजिस्टर्ड ईसीसी असतात, त्या लॅपटॉपात किंवा साध्या डेस्कटॉपात चालत नाहीत हे पण लक्षात ठेवा.

दोन सॉकेट असले की अजून एक भानगड असते. एका प्रोसेसरवर चाललेल्या प्रोग्रॅमला दुसऱ्याच्या मेमरीतला डेटा पाहिजे असेल तर तो मधल्या दुव्यावरून आणावा लागतो आणि उशीर होतो. ब्लेंडरला याचा फारसा त्रास नाही, पण काही डेटाबेस आणि काही गेम यांना होतो. तुमचं सॉफ्टवेअर तसं असेल तर ते एकाच सॉकेटला बांधून एकदा मोजा आणि दोन्ही सोडून एकदा, लिनक्समध्ये न्यूमासीटीएल हे त्यासाठीच आहे.

कोअर वाढवून किती मिळणार याचा अंदाज मोजायच्या आधी पण काढता येतो. जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७मध्ये मांडलेलं साधं गणित आहे. समजा तुमच्या कामाचा ९० टक्के भाग वाटता येतो आणि १० टक्के एकाच कोअरला करावा लागतो. २८ कोअरवर ते ७.६पट लवकर होतं, २८पट नाही. ८ कोअरवर ४.७पट. आता लॅपटॉपचा एक कोअर झिऑनच्या कोअरपेक्षा १.६पट वेगवान धरला तर ४.७ गुणिले १.६, साडेसात. म्हणजे ८ कोअरचा लॅपटॉप आणि २८ कोअरचा सर्व्हर बरोबरीला! आणि तोच वाटता येणारा भाग ९९ टक्के असेल तर सर्व्हर २२पट, लॅपटॉप १२पट, म्हणजे सर्व्हर जवळजवळ दुप्पट. एवढ्याशा फरकानं उत्तर पूर्ण फिरतं. दादा हे ऐकून बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले मग आपलं काम ९० का ९९ हे कसं कळणार. तेच तर मोजायचं, खरं काम लावून.

खरं काम लावणं म्हणजे तुमचीच फाइल, तुमचंच सॉफ्टवेअर आणि मोबाइलचं स्टॉपवॉच. दोन्ही मशीनवर तीच फाइल कॉपी करा. तीनदा चालवा, पहिल्यांदा डिस्कवरून वाचताना वेळ जातो म्हणून ती फेरी सोडून द्या असं काही जण म्हणतात, मी तिन्ही लिहितो आणि मधली धरतो. मात्र दोन्हीकडं एसएसडीच पाहिजे, जुन्या सर्व्हरमध्ये फिरणारी हार्डडिस्क असली तर तुम्ही डिस्क मोजता. आणि ज्या कामात ग्राफिक्स कार्ड वापरलं जातं ते आधी बंद करा, ब्लेंडरमध्ये सायकल्सला सीपीयू निवडा, नाहीतर तुलना भलत्याचीच होते. अर्थात कार्ड चांगलं असेल तर रेंडर त्याच्यावरच करा बाबा, प्रोसेसरची भांडणंच मिटतात.

सर्व्हर विकत न घेता भाड्यानं घेणाऱ्यांसाठी थोडक्यात. मुंबईत अ‍ॅमेझॉनचं आणि पुण्यात मायक्रोसॉफ्टचं डेटा सेंटर आहे, तासावर मशीन मिळतं, मोजणीला दोन-तीन तास पुरतात. पण तिथला एक व्हीसीपीयू म्हणजे इंटेल-एएमडीच्या मशीनवर बहुतेक वेळा एक थ्रेड, पूर्ण कोअर नाही. २ व्हीसीपीयू घेतले म्हणजे खरा एक कामगार आला. स्वस्तातली जी क्रेडिटवाली मशीन असतात ती थोडा वेळ जोरात पळतात आणि क्रेडिट संपलं की बसतात, म्हणून तिथंही चाचणी लांब करा. लिनक्समध्ये टॉप लावून एसटी नावाचा आकडा बघा, तो शून्याच्या वर राहत असेल तर तुमच्या वाट्याचा वेळ शेजाऱ्याला जातोय.

शेवटी वीज. प्लगमध्ये लावायचा वॅटमीटर मिळतो, तो घ्याच. समजा सर्व्हर कामात असताना भिंतीतून ३०० वॅट घेतो आणि रोज १० तास चालतो, म्हणजे ३ युनिट, महिन्याला ९०. लॅपटॉप ६० वॅट धरला तर महिन्याला १८. युनिट १० रुपये धरा, फरक ७२० रुपये महिना, वर्षाला साडेआठ हजारांच्या वर. जुन्या सर्व्हरची किंमत बघताना हे त्यात मिळवा. लाइट गेली की लॅपटॉप बॅटरीवर चालत राहतो, सर्व्हरला यूपीएस वेगळा, आणि घरचा छोटा यूपीएस त्या भारावर दोन-चार मिनिटंच टिकतो, चाळीस चित्रांचं रेंडर मधेच गेलं तर रात्र वाया. उलट लॅपटॉपला सर्व्हर म्हणून वर्षभर चालू ठेवायचं असेल तर बॅटरी कायम १०० टक्के ठेवू नका, फुगू शकते, बायोसमध्ये किंवा कंपनीच्या अ‍ॅपमध्ये ८० टक्क्यांची मर्यादा असते ती लावा.

दादांच्या वहीत शेवटी असं निघालं: डिझाइनच्या कामाला लॅपटॉप सगळ्या वेळी पुढं. रेंडरला दोनच पट्ट्यांचा सर्व्हर लॅपटॉपपेक्षा फारसा पुढं नव्हता, आठ पट्ट्या घातल्यावर तो स्पष्ट पुढं गेला, आणि दुपारच्या उन्हात तर खूपच. म्हणून त्यांनी विकणाऱ्याकडून आठ पट्ट्या घालून घेतल्या, किंमत त्याच बोलीवर ठरवली, लॅपटॉप डिझाइनलाच ठेवला आणि सर्व्हर फक्त रात्री रेंडरला लावतात. तो कारखान्यात नाही ठेवला, तूस बसतं म्हणून, घरी जिन्याखाली ठेवलाय, दार बंद केलं की आवाज येत नाही पण हवा पण कोंडते, म्हणून दाराला खाली-वर दोन जाळ्या पाडून घेतल्या आणि त्यानंतर अर्ध्या तासाची चाचणी परत एकदा केली.